गिऱ्हाईकाला घरात बसूनच ‘नको’ म्हणू द्या

पत्र: नमस्कार. आम्ही खानापूरचे. मी आणि मिस्टर मिळून ६ वर्षं घरं-प्लॉट दाखवायचं काम करतोय, जास्त करून बेळगावातली. एक जुनी अल्टो आहे. गेल्या महिन्यात १९ वेळा पार्टीला घेऊन गेलो, एकही व्यवहार झाला नाही. वडगावचं एक घर तर ७ जणांना दाखवलं, घर चांगलं आहे, मागं विहीर आहे, पण गल्लीत गाडी जात नाही आणि शेजारी विणकरांचे माग चालतात, तिथं पोचल्यावर सगळे तोंड वाकडं करतात. मुलगी म्हणते व्हिडिओ करून टाक. मिस्टर म्हणतात व्हिडिओत सगळं दाखवलं तर लोक येतील कशाला, आणि आले तर आपल्याला सोडून थेट मालकाकडं जातील. मला तर कॅमेऱ्यासमोर बोलायलाच येत नाही, आमची भाषा ही अशी. काय करू? — एक वाचक, खानापूर

ताई,

पत्र वाचलं आणि पहिला हिशोब मांडला, जुनी सवय. खानापूर-बेळगाव जाऊन येऊन ५० किलोमीटर धरा, गावात फिरणं वेगळंच, १९ खेपा म्हणजे हजारभर किलोमीटर झालेच की. अल्टो लिटरला १८ देत असली तरी ५५ लिटर, आणि पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे साडेपाच हजार रुपये तुम्ही लोकांना बेळगाव फिरवून आणण्यात घातलेत. वर चहा, वर टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलं म्हणून थांबलेला वेळ, वर परत येताना गाडीत बसलेली ती शांतता, पार्टी मागं बसलेली आणि नको म्हणायचं कसं याचा विचार करत खिडकीबाहेर बघतेय. ही शांतता मला माहिती आहे, मी पण एकेकाळी हेच काम केलंय.

माझी एक खेप सांगतो. निपाणीत एक घर होतं विकायला, बेळगावातनं एका कुटुंबाला घेऊन गेलो, नवरा, बायको, दोन पोरं आणि आजी. हायवेनं ७५ किलोमीटर. आजी गाडीतनं उतरल्या, उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या, सूर्य कुठं आहे बघितला आणि “दक्षिणेला तोंड हाय की ह्याचं” एवढंच म्हणून परत गाडीत जाऊन बसल्या. चप्पलसुद्धा काढली नाही. आत हॉल केवढा, किचन कसलं भारी, काही उपयोग नाही, विषय संपला. येताना ७५ परत. त्यावेळी १० सेकंदाचा व्हिडिओ पाठवायची सोय असती तर आजींनी घरात बसूनच तो निकाल दिला असता आणि माझा दिवस वाचला असता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, व्हिडिओ घर विकायला करू नका. ज्याला ते घर घ्यायचंच नाही त्याला गाडीत बसायच्या आधीच नको म्हणता यावं यासाठी करा. हे एकदा डोक्यात बसलं की व्हिडिओत काय दाखवायचं हे आपोआप कळतं. जे लपवावंसं वाटतंय ते आधी दाखवायचं.

दाजी म्हणतात सगळं दाखवलं तर येतील कशाला. दाजींना विचारा, ते ७ जण आले, काय झालं? गल्ली अरुंद आहे हे त्यांना गल्लीत पोचल्यावर कळलं. ज्याच्याकडं कार आहे आणि ती दारात लावायचीच आहे तो माणूस वडगावचं ते घर फुकट दिलं तरी घेणार नाही, त्याला तिथं नेणं म्हणजे आपण आपलंच पेट्रोल जाळणं. पण ज्याच्याकडं फक्त टू-व्हीलर आहे, ज्याचं आयुष्य मागाच्या आवाजात गेलंय, त्याला तो आवाज ऐकूच येत नाही हो! शहापूर-वडगाव-खासबागात विणकरांची इतकी घरं आहेत, त्यांना सांगायला जा की शेजारी खट्याक-खट्याक चालतं, ते म्हणतील मग काय झालं. तुमचं गिऱ्हाईक तिथंच कुठंतरी आहे आणि तुम्ही भाग्यनगरच्या कारवाल्यांना घेऊन फिरताय.

आता तुमच्या भाषेचं. एक तर कॅमेऱ्यासमोर यायचंच नाही. फोन तुमच्या हातात, तुम्ही फोनच्या मागं, घर पुढं. आणि बोलायचं कसं, तर पुण्यातल्या बहिणीला फोनवर सांगताय तसं. “हे बघ, आता हॉलमधनं आत येऊलालोय, डावीकडं देवघर हाय, इथं थोडं अंधार पडतंय.” बास. ‘प्रस्तुत वास्तू’ आणि ‘प्रशस्त दालन’ असलं काही म्हणायला गेलात तर ऐकणाऱ्याला वाटणार ही बाई काहीतरी लपवूलालीय. बेळगावची मराठी ऐकूनच इथला माणूस विश्वास ठेवतो, तिला लाजू नका. कन्नड बोलणारं गिऱ्हाईक पण निम्मं असतंच आपल्याकडं, त्यासाठी व्हिडिओ दोनदा काढायची गरज नाही, त्याच व्हिडिओवर दुसरा आवाज टाकायचा, मुलीला येत असेल, फोनमधल्या साध्या एडिटिंग ॲपमध्ये होतं. किंमत, स्क्वेअर फूट आणि दिशा मात्र दोन्ही आवाजात स्पष्ट बोला.

शूटिंग कुठनं सुरू करायचं ते सांगतो कारण इथंच सगळे चुकतात. सगळे दारातनं सुरू करतात. तुम्ही गाडी जिथं थांबते तिथनं सुरू करा. मेन रोडला उभं राहून सांगा की कार इथंच लावायची, इथनं पुढं चालत, आणि चालायला लागा, फोन चालू ठेवून, मोजत, किती पावलं लागतात ते. समोरनं एखादी स्कुटी आली तर थांबा, ती कशी बाजूनं जाते ते दिसू दे, गल्लीची रुंदी सांगायला त्यापेक्षा चांगली टेप नाही. मागाचा आवाज आला तर येऊ दे, वर गाणं टाकून झाकू नका. घरातला टीव्ही तेवढा बंद करायला सांगा.

दारात पोचल्यावर फोनमधला कंपास उघडून दिशा बघा आणि ती बोलून दाखवा, एका आजीचा प्रवास वाचला. मग जसा माणूस घरात शिरतो त्याच क्रमानं आत जायचं, मधे कट करायचा नाही. कट केलं की बघणाऱ्याला वाटतं इथं काहीतरी होतं. पाच-सहा मिनिटांचा एकच सलग व्हिडिओ, प्रत्येक दारात थांबून मनात तीन मोजायचं, मग हळू फिरवायचं, हाताची दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून. सुरुवातीला दोनदा तीनदा बिघडेल, बिघडू दे, पेट्रोल थोडीच लागतंय त्याला. लेन्स आधी पदरानं पुसा, आपल्या फोनवर कायम हळदीचा नाहीतर तेलाचा हात असतो. सकाळी दहाच्या आसपास काढा, पडदे बाजूला, लाईट सगळ्या चालू. खिडकीसमोर फोन नेला की खोली काळी होते, तेव्हा खोलीतल्या भिंतीवर स्क्रीन थोडा वेळ दाबून धरा, उजेड तिथं लॉक होतो.

आणि ते ०.५ चं वाईड बटण आहे ना, त्याला हात लावू नका. त्यानं १० बाय १० ची बेडरूम लग्नाच्या हॉलसारखी दिसते, लाईक येतात, गिऱ्हाईक पण येतं, आणि दारात उभं राहून म्हणतं “व्हिडिओत लई मोठी वाटत होती की”. झाली खेप वाया, आणि वर तुम्ही खोट्या ठरलात. साध्या १ वर ठेवून कोपऱ्यात उभं राहा. मेजरिंग टेप जमिनीवर पसरून दाखवा, ६ फुटाची कॉट असेल तर ती दाखवा आणि तिच्या बाजूला कपाट मावतं का ते बोला, बायका तेच बघतात.

पाण्याला मात्र वेळ द्या, बेळगावात घर बघायला आलेला माणूस तिसरा प्रश्न पाण्याचाच विचारतो. काही वॉर्डात २००८ पासनं चोवीस तास पाणी आहे आणि दोन गल्ल्या सोडून पलीकडं किती दिवसांनी येतं विचारू नका. म्हणून नळ उघडून दाखवा, किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, अंडरग्राउंड टाकी केवढी, ते मालकिणीच्या तोंडनं बोलवा, मालकाला ते माहिती नसतं. तुमच्या वडगावच्या घराला विहीर आहे म्हणताय, अहो मग ती शेवटी आणि घाईत कशाला दाखवताय! जुन्या बेळगावात ज्याच्या परड्यात विहीर तो निवांत. मे महिन्यात पाणी कुठपर्यंत असतं ते सांगा, दोरी-बादली सोडून पाणी काढून दाखवा, तो एक मिनिट सगळ्या व्हिडिओत भारी ठरेल.

पावसाचं एक गुपित सांगतो, आमच्यातले फार कमी जण हे करतात. घर विकायला आलं की सगळे उन्हाळ्यात व्हिडिओ काढतात, रंग मारून. तुम्ही जुलैमध्ये काढा, बाहेर धो-धो लागलेला असताना आणि स्लॅबचे चारी कोपरे, माळ्याखालची भिंत, बाथरूमच्या मागची बाजू दाखवा. कोरडी असेल तर दुसरी जाहिरातच नको. ओल असेल तर तीही दाखवा आणि मालकाला सांगा वॉटरप्रूफिंगचे पैसे किमतीतनं धरायचे. कौलारू घर असेल, जांबोटी-कणकुंबीकडचं तर विचारूच नका, तिथलं घर पावसात बघितल्याशिवाय मी तर कुणाला घे म्हणणार नाही. आणि भाद्रपदात पितृपंधरवडा लागला की कुणी घर बघायला येत नाही, ते पंधरा दिवस दाजींना बसवून ठेवू नका, जेवढी घरं हातात आहेत तेवढी शूट करून घ्या.

कागदपत्रं बोलायची, दाखवायची नाहीत. ई-खाता, म्हणजे मालमत्तेची ऑनलाइन नोंद, झालाय का, प्लॉट बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआऊटमधला आहे का, ग्रामपंचायतीत असेल तर फॉर्म ९ आणि ११, म्हणजे पंचायतीचे मालमत्तेचे उतारे, निघालेत का, बँक लोन देते का, एवढं तोंडी सांगा. ई-खाता नाही म्हणून सब-रजिस्ट्रारकडं जाऊन परत आलेली माणसं तुम्ही बघितलीच असतील, मग ते पाचव्या भेटीत कशाला सांगायचं, पहिल्याच मिनिटात सांगा. पण खरेदीखताचं पान, आधार, सह्या, यातलं काही कॅमेऱ्यात येऊ देऊ नका. घरातले फोटो, पोरं, तिजोरीचं कपाट, दाराची कुलपं पण नकोत, बंद घर असेल तर जास्तच. भाडेकरू राहत असेल तर त्याला आदल्या दिवशी विचारा, संसार त्याचा असतो. आणि नव्या अपार्टमेंट स्कीमचे व्हिडिओ टाकणार असाल तर नियम वेगळा आहे, रेरा म्हणजे २०१६ चा बांधकाम व्यवसायाचा कायदा, त्यात ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत फ्लॅट असलेले छोटे प्रोजेक्ट सोडले तर प्रोजेक्टची नोंदणी लागते, जाहिरातीत तो नंबर लागतो आणि एजंट म्हणून तुमची स्वतःची नोंदणी पण लागते. व्हॉट्सॲप स्टेटसला काय कायदा असं म्हणू नका, जाहिरात ती जाहिरातच.

मोठा व्हिडिओ फोन आडवा धरून काढलेला, तो यूट्यूबवर अनलिस्टेड करून ठेवा, म्हणजे ज्याच्याकडं लिंक आहे त्यालाच दिसतो. व्हॉट्सॲपवर थेट टाकला की तो पिळून काढल्यासारखा होतो, भिंतीची भेग पण दिसत नाही आणि रंग पण. दुसरा छोटा, उभा, ४०-५० सेकंदाचा, तो रील आणि स्टेटसला, त्यात फक्त एरिया, किंमत, एक चांगली गोष्ट आणि एक अडचण. हो, अडचण पण. “वडगाव, विहीर आहे, गाडी दारात येत नाही.” बघा कसे फोन कमी येतात आणि कामाचे येतात.

दाजींची दुसरी भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. थेट मालकाकडं जाणारे असतातच. त्यासाठी छोट्या व्हिडिओत घराचा नंबर, समोरचं दुकान, मालकाची नावाची पाटी येऊ द्यायची नाही, मोठ्याची लिंक नाव आणि फोन घेतल्यावरच, आणि ती कुणाला कधी दिली ते वहीत लिहून ठेवायचं. मालकाशी काम धरतानाच व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घ्या, कमिशन किती आणि तुम्ही पाठवलेलं गिऱ्हाईक थेट आलं तरी ते तुमचंच. तोंडी बोलण्यावर ६ वर्षं काढलीत, बास झालं. दुसरे एजंट व्हिडिओ उचलून तुमचा नंबर कापून आपला टाकतात, हे पण होणार, म्हणून नंबर कोपऱ्यात लिहून उपयोग नाही, किचन दाखवता दाखवता मधेच तोंडानं बोला. कापायला गेला तर किचन पण जातं.

मालक व्हिडिओ काढू देत नाहीत ही अडचण तुम्ही लिहिली नाही पण ती येणारच. मालकाशी वाद घालू नका, मालकिणीशी बोला. प्रत्येक पार्टी येते तेव्हा घर झाडायचं, चहा ठेवायचा, अनोळखी माणसांना बेडरूममधनं फिरवायचं, हे सगळं तिच्या वाट्याला. तिला सांगा वीस जण येण्यापेक्षा चार येतील. परवानगी आतनं मिळेल.

मग नियम करून टाका, मोठा व्हिडिओ बघितल्याशिवाय गाडी निघणार नाही. आणि बघितला म्हणणारे सगळे बघत नाहीत, म्हणून एक प्रश्न विचारायचा, “किचनच्या खिडकीतनं काय दिसतं हो?” उत्तर आलं तर पुढं जायचं, नाही आलं तर “सावकाश बघा, संध्याकाळी फोन करतो”. राग येत नाही कुणाला, उलट बघतात. त्यानंतर एक व्हिडिओ कॉल, आणि तो ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याशी. फोन करणारा आणि ठरवणारा हे दोघे आपल्याकडं सहसा वेगळे असतात, ठरवणारी सासू असते, नाहीतर पुण्यातला मोठा भाऊ, नाहीतर वास्तूवाले कुणीतरी काका. पूर्वी यातल्या एकेकाला घेऊन एकेक खेप व्हायची. आता लिंक एक, बघणारे सहा, ते आपापसात भांडून घेतात आणि मग आपल्याला फोन येतो. जे उरले त्यांना रविवारी एकत्र घ्यायचं, सकाळी वडगाव-अनगोळ-मजगावची बाजू, दुपारनंतर हिंडलगा-गणेशपूर, एका दिवसात, एका टाकीत.

फौजी गिऱ्हाईकाबद्दल थोडं जास्त लिहितो, खानापूर-बेळगाव पट्ट्यात घराघरात एक तरी फौजी, तो तिकडं पोस्टिंगवर आणि घर बघते बायको नाहीतर वडील. त्याला हा व्हिडिओ म्हणजे लॉटरी, रेंज आली की रात्री दहादा बघणार, सुट्टीवर येईपर्यंत त्याची यादी दोन घरांवर आलेली असणार. अशा गिऱ्हाईकासाठी लिंक जपून ठेवा. पण याच्याच आडून एक फसवणूक चालते. फोन येतो, मी आर्मीत आहे, व्हिडिओ आवडला, घर पक्कं, टोकन आत्ताच पाठवतो, तुम्हाला क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा. युनिफॉर्ममधला फोटो पण पाठवतात, कार्ड पण. ताई, पैसे घेताना स्कॅन करावं लागत नाही आणि पिन घालावा लागत नाही, पिन घातला म्हणजे पैसे तुमच्याकडनं गेले. खरा फौजी घर न बघता टोकनची घाई करत नाही, तो आधी वडिलांना पाठवतो. असं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, वेळ घालवला की पैसे पुढं सरकतात. आणि तुम्ही पण कुणाकडनं नुसत्या व्हिडिओवर ॲडव्हान्स घेऊ नका. गटारीचा वास, शेजाऱ्यांचा स्वभाव, रात्री अकरानंतरची कुत्री, यातलं काही व्हिडिओत येत नाही, शेवटची भेट पायानंच व्हायला पाहिजे.

सुरुवात वडगावच्या त्याच घरापासनं करा, सातदा तोंड वाकडं करून घेतलंय, आता तुमचं नुकसान काय होणार आहे. व्यवहार झाला की त्या दिवशीच व्हिडिओ प्रायव्हेट करा, माझा एक प्लॉट विकून वर्ष झालं तरी त्यावर अजून सकाळी सातला फोन येतात. आणि विहिरीत वरनं पाणी दाखवताना फोनला दोरी बांधून ती मनगटाला गुंडाळा. दाजींच्या हातात देऊ नका.